स्पेशल केस

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पुण्यात, पगार काढणारी एक जावा मेथड माझ्या वाट्याला आली. ७०० ओळी आणि नाव 'कॅल्क्युलेट'. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. मी नुकतंच मार्टिन फाउलरचं 'रिफॅक्टरिंग' वाचलं होतं. लांब मेथडमधला एकेक तुकडा वेगळा काढायचा आणि तो काय करतो ते नावात सांगायचं, हे डोक्यात पक्कं भिनलेलं.

दोन आठवडे मजेत गेले. मूळ वेतन, घरभाडे भत्ता, भविष्य निर्वाह निधी... तुकडे आपणहून सुटत होते. मुख्य मेथड २० ओळींवर आली. वाचताना पगारपत्रकच वाचतोय असं वाटायचं. अडलो ते चार ओळींपाशी. महिना दुसरा असेल तर २०० ऐवजी ३००. कसले, कशासाठी, काही पत्ता नाही. थोडं डोकं खाजवलं आणि नाव देऊन टाकलं, 'हॅन्डल स्पेशल केस'. (खरं तर त्याचा अर्थ 'मला कळलं नाही' एवढाच होता.)

चार महिन्यांनी साफसफाई करताना ती मेथड माझ्याच नजरेला आली. कसली स्पेशल केस? टेस्ट सगळ्या एप्रिलच्या पगारावर लिहिलेल्या, त्यामुळे ती काढली तरी हिरव्याच राहिल्या. दिली काढून.

फेब्रुवारीच्या पगारानंतर अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. जवळजवळ सगळ्यांचा व्यवसाय कर १०० रुपयांनी कमी कापला गेला होता. फरक आधी कंपनीने भरला, मग मार्चच्या पगारातून वळता केला. खुलाशाची मेल माझ्या नावाने गेली.

रात्री जेवताना घरी सांगितलं. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. म्हणाले, "फेब्रुवारीत तीनशे कापतात. अरे, स्वतःची पगाराची स्लिप तरी बघतोस का कधी?" राज्यघटनेच्या २७६व्या कलमानुसार हा कर वर्षाला २५०० रुपयांच्या वर नेता येत नाही. ११ महिने २०० आणि एक महिना ३००, झाले बरोबर २५००. हे सगळं त्यांनी भाताचा घास हातात धरून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मेथड परत आणली. नाव दिलं 'फेब्रुवारी प्रोफेशनल टॅक्स', शिवाय फेब्रुवारीची टेस्ट. रिव्ह्यू करणाऱ्या चेन्नईच्या सहकारिणीने विचारलं, "एकाच महिन्यात शंभर जास्त का?" बाबांचं उत्तर इंग्रजीत करून मी तिथेच कॉमेंटमध्ये लिहिलं.