जुन्या घरातला चेंडू

जुनी भांडी जपणाऱ्यास लोक रसिक म्हणतात, जुनी नाणी जमविणाऱ्यास व्यासंगी म्हणतात. जुन्या संगणकावर खेळ खेळणाऱ्यास मात्र चिक्कू म्हणतात. ही पदवी आम्ही आनंदाने मिरवितो. आमच्या घरी विंडोज एक्सपी या प्रणालीवर चालणारा एक संगणक अद्याप आहे. ही प्रणाली २००१ साली आली, आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबविली. मालकाने डागडुजी सोडलेल्या या घरात बसून, दिवसभराच्या तारखा आणि तहकुब्या विसरण्यासाठी, आम्ही पिनबॉल खेळतो. तरफा हलवून चेंडू खाली पडू द्यावयाचा नाही, एवढाच काय तो खेळ. परंतु पक्षकार, साक्षीदार आणि न्यायाधीश यांपैकी कोणीही त्यात नसल्यामुळे आम्हांस तो फार प्रिय आहे.

नव्या यंत्रावर हाच खेळ का खेळत नाही, असे आम्हांस विचारले जाते. पोथी कोणत्याही दिव्याच्या उजेडात वाचता येते. संगणकाचा खेळ मात्र ज्या घरात जन्मला त्याच्या भिंतींना टेकून उभा असतो. एक्सपीनंतरच्या व्हिस्टामध्ये पिनबॉल नव्हता. ६४ बिटांच्या यंत्रासाठी तो नव्याने घडविताना चेंडू वस्तूंतून आरपार जाऊ लागला, आणि जुनी आज्ञावली उलगडेना म्हणून खेळच वगळला, असे मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०१२ साली लिहिले आहे.

विकतच्या खेळांची दशा याहून विचित्र. नकला होऊ नयेत म्हणून अनेक सीडींवर सेफडिस्क नावाचे कुलूप असे. पुढे ते कुलूपच धोक्याचे ठरले, आणि २०१५ सालच्या विंडोज १० ने त्यास थारा दिला नाही. चोरासाठी बसविलेल्या कुलपाने अखेर दाम मोजणाऱ्या गिऱ्हाइकासच दाराबाहेर ठेवले!

आमच्यातील वकील येथे जागा होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम प्रतीच्या कायदेशीर धारकास, नाशापासून बचाव म्हणून, आज्ञावलीची राखीव प्रत काढण्याची मुभा देते. प्रत जपण्याचा हक्क मिळाला. ती उद्या चालेल याची हमी मात्र त्या कलमात नाही. देवळाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे न्यून चटकन उमगेल. देऊळ बांधून पुरे होत नाही. रोजचा दिवा कोणी लावावयाचा हे ठरवावे लागते, आणि म्हणूनच पूर्वजांनी दिवाबत्तीसाठी जमिनी लावून दिल्या. संगणकाच्या खेळांसाठी अशी तरतूद कोणी केली नाही. त्यांची दिवाबत्ती हौशी मंडळीच करतात. डॉसच्या काळातील कित्येक खेळ आज नव्या यंत्रावर दिसतात, ते अशाच मंडळींनी २००२ पासून मोफत दिलेल्या डॉसबॉक्समुळे.

तथापि जुन्या घराचा लोभ डोळसपणेच धरावा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायची साथ आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीलाही ठिगळ लावून दिले. परंतु अपवादावर विसंबणे वकिलासही परवडत नाही. म्हणून आमचे ते यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही, आणि पक्षकारांचा एकही कागद त्यात नाही.

ते एक दिवस कायमचे बंद पडेल, हे आम्ही जाणतो. तोवर पुतण्यास तरफा हलविण्याबरोबर राखीव प्रत कशी काढावी हेही आम्ही शिकवीत आहोत. वारसा देताना वस्तूबरोबर तिची सेवाही हाती द्यावी लागते.