पस्तापूरच्या बाया आणि आपली भाकरी

जानेवारी २०२४. संक्रांत होऊन आठवडा उलटला होता. आमच्या विहाराच्या महिला मंडळातल्या आम्ही अकरा जणी उदगीर स्टेशनावर हैद्राबादकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. दरवर्षी मंडळाची एक सहल ठरलेली असते. नागपूरची दीक्षाभूमी झाली, मुंबईची चैत्यभूमी झाली, महाडचे चवदार तळे झाले, अजिंठा-वेरूळही झाले. त्या वर्षी मंडळातल्या एका ताईंनी निराळेच नाव काढले. पस्तापूर. तिथे काय आहे, लेणी आहेत की स्तूप, असे आम्ही विचारले. ताई म्हणाल्या, "काही नाही. आपल्यासारख्या बाया आहेत. चला तर खरे."

कमालनगर, भालकी, बीदर अशी स्टेशने मागे पडली आणि झहीराबाद आले. हा मुलूख आपल्याला परका नाही. आपला मराठवाडा, कर्नाटकातले बीदर आणि तेलंगणातला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि तीन भाषांची तीन माणसे तीन दिशांना गेली. तरी बाजारातली दखनी बोली अजून एकच आहे. त्या बोलीवरच आमचे दोन दिवस निभावले. तेलुगू आम्हाला येत नव्हती, मराठी त्यांना येत नव्हती, पण अडले कुठेच नाही.

झहीराबाद हे मुंबई-हैद्राबाद हमरस्त्यावरचे गाव. पूर्वी मेदक जिल्ह्यात होते, २०१६ पासून संगारेड्डी जिल्ह्यात आहे. आसपास ऊस, बटाटा, आले यांची बागायत दिसते, पण ती पाणीवाल्यांची. बाकीची जमीन तांबडी, मुरमाड, खडकाळ. सरकारने जमीन वाटपात दलितांना दिली ती अशीच. आमच्यातल्या एका मावशींनी बांधावरची मूठभर माती हातात घेतली आणि म्हणाल्या, "ही तर आपल्या गायरानाची माती." त्या लहान असताना त्यांचे वडील कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. १९५९ चा तो लढा आणि १९६४ चा देशभरचा लढा जमिनीसाठी होता. जमीन हाती आल्यावर तिच्यात काय पेरायचे, हा प्रश्न पुढचा. पस्तापूरच्या बायांनी तो प्रश्न हातात घेतला.

१९८३ साली इथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था सुरू झाली. पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी एक. मार्च २०२३ मध्ये ते वारले. संस्थेने गावोगाव बायकांचे संघम उभे केले. संघम म्हणजे आपल्याकडचे मंडळ. त्यातल्या बहुतेक बाया दलित, पुष्कळशा निरक्षर, दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणाऱ्या. आधी त्यांची रीत आपल्या आज्यांसारखीच होती. पेरणी आली की बियाण्यासाठी मोठ्या जमीनदाराच्या दारात उभे राहायचे, आणि पावसाळ्यात घरातले धान्य संपले की पुन्हा त्याच दारात. घेतलेले फेडता फेडता वर्ष सरायचे.

संघमच्या बायांनी पहिले काम केले ते पडीक रान नांगराखाली आणण्याचे. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी आपल्या भागात धान्यवाटपाची आपली स्वतःची पद्धत बसवली. ज्याची जमीन पडून आहे त्याला ती कसण्यासाठी कर्ज द्यायचे. फेड पैशात घ्यायची नाही, ज्वारीत घ्यायची. ती ज्वारी गावातच साठवायची आणि टंचाईच्या महिन्यांत गावातल्या गरिबांना स्वस्तात द्यायची. गरीब कोण, हे कचेरीतला साहेब ठरवणार नाही, बसून गाव ठरवील. दूरच्या राज्यातून आलेला तांदूळ नव्हे, आपल्याच रानातली ज्वारी आपल्याच ताटात, एवढी साधी गोष्ट. पण त्यासाठी लागणारा हिशेब त्या बायांनी तोंडी ठेवला.

आम्ही गेलो तेव्हा त्यांची बियाण्यांची जत्रा चालू होती. संक्रांतीला ती निघते आणि महिनाभर गावोगाव फिरते. सजवलेल्या बैलगाड्या, ढोल, गाणी, आणि गाड्यांत टोपल्याच टोपल्या. आम्हाला वाटले, टोपल्यांत प्रसाद असेल. जवळ जाऊन पाहिले तर बियाणे! एका टोपलीतली ज्वारी पांढरी, दुसरीतली पिवळसर, तिसरीतली लालसर. त्या ज्वारीला जोन्ना म्हणतात, बाजरीला सज्जा, राळ्याला कोर्रा, तुरीला कंदी, हुलग्याला उलवलु, करडईला कुसुमा. आमची एक सून बी. ए. झालेली. तिला राळा ओळखता आला नाही. तिच्या सासूला आला, पण त्यांनीही तो पंचवीस वर्षांत शिजवला नव्हता. आम्ही एकमेकींकडे पाहिले आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी एका घरी बियाणे ठेवण्याची तऱ्हा पाहिली. बांबूची टोपली शेणामातीने लिंपायची, चांगली वाळवायची, तिच्यात बी भरायचे, मधे मधे राख आणि कडुनिंबाचा पाला घालायचा आणि तोंड पुन्हा लिंपून बंद करायचे. किडा लागत नाही. हे काम बायांचे. बी विकत द्यायचे नाही असा त्यांचा दंडक. कोणी मागायला आले तर द्यायचे, आणि सुगीला त्याने घेतले त्याहून थोडे जास्त परत आणून द्यायचे. त्या घरच्या आजीने हसत हसत सांगितले, की ज्यांच्या दारात आपण बियाण्यासाठी उभे राहायचो त्यांच्या घरचे आता आपल्या दारात येतात. हे सांगताना तिच्या आवाजात ना राग होता, ना मोठेपणा. आम्हाला मात्र अंगावर काटा आला. आपल्याकडे पाटलाचे पेव उघडले की आत उतरायला आपलाच माणूस लागायचा. आत कोंडलेल्या हवेने कितीजण गुदमरले, त्याची नोंद कुठे नाही. धान्य काढायचे आपण आणि मालकी त्यांची. इथे टोपली आपली, बी आपले, आणि देणारा हातही आपला!

त्यांची शेतीही पाहण्यासारखी आहे. एका एकरात एकच पीक नाही. ज्वारीच्या ओळीत तूर, मधे मूग, कडेला अंबाडी, तीळ, भोपळा. पाऊस रुसला तरी सगळीच पिके एकदम जात नाहीत, काही ना काही पदरात पडते. कडधान्याने जमिनीला नत्र मिळते, म्हणून खताच्या पिशवीचा खर्च वाचतो. हिवाळी ज्वारी, करडई, हरभरा आणि जवस ही पिके जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर येतात. त्यांना त्या सत्याची पिके म्हणतात. आणि न पेरता उगवणाऱ्या भाज्या तर किती! गुनुगू म्हणजे आपला कुरडू, पायल कूर म्हणजे आपली घोळ. तणनाशक मारले की या भाज्या आधी मरतात, म्हणून या बाया ते मारीत नाहीत. गरिबाच्या ताटातली फुकटची भाजी कोणाच्या हिशेबात नसते. ती त्यांच्या हिशेबात आहे.

धान्य पिकले, पण घेणार कोण? भाताची सवय लागलेल्या लोकांना ज्वारी-राळ्याची लाज वाटू लागली होती. तेव्हा संस्थेने झहीराबादला भरडधान्याच्या पदार्थांचे उपाहारगृह काढले आणि संघमचे धान्य शहरातल्या गिऱ्हाइकांपर्यंत नेले. स्वयंपाक्याच्या हातात केवढी ताकद असते, ते तिथे कळते. शेतकऱ्याने कितीही पिकवले तरी आचाऱ्याने ते रांधले नाही आणि गिऱ्हाइकाने मागितले नाही, तर पुढच्या साली ते बी टोपलीतच राहते. टोपलीतले बी दोन-चार वर्षांत मरते. म्हणजे बी वाचते ते खाणाऱ्यांमुळे.

या बाया एवढ्यावर थांबल्या नाहीत. २००८ साली त्यांनी माचनूर गावात आपले रेडिओ केंद्र सुरू केले. त्यांतल्या काही जणी कॅमेरा चालवायला शिकल्या आणि शेतीवर स्वतः चित्रपट काढू लागल्या. भरडधान्य रेशनवर मिळावे म्हणून त्यांनी आणि त्यांच्या संस्थेने वर्षानुवर्षे आवाज उठवला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचेही नाव आले. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, आणि सरकारने ज्वारी-बाजरी-नाचणीला श्रीअन्न असे नाव दिले. काल ज्याला गरिबाचे खाणे म्हणून नाके मुरडली, ते आज मोठ्या हॉटेलांत चकचकीत ताटात येते!

परतीच्या गाडीत आमच्यात वाद झाला. तोही इथे सांगितला पाहिजे. आमच्यातली एक तरुण शिक्षिका म्हणाली, "बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडायला सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर म्हटले. आणि आपण खेड्यातल्या भाकरीचे गोडवे गाणार?" तिचे म्हणणे खोटे नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी सांगितले, मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले, उपास काढले, पण हात पसरला नाही. महारवतनाविरुद्ध त्यांनी १९२८ पासून कायदेमंडळात झगडा केला, तोही बलुत्याच्या त्या लाचारीतून आपल्याला सोडवण्यासाठी. त्या लाचारीकडे परत जायचे नाही. कधीच नाही.

पण मावशींनी एक प्रश्न विचारला. "मेलेले ढोर टाकले ते स्वाभिमानासाठी. ज्वारी टाकली ती कशासाठी?" कोणालाच उत्तर देता येईना. मग एकेकीच्या आठवणी निघाल्या. एकीच्या मुलाच्या डब्यात भाकरी पाहून वर्गातली पोरे हसली, म्हणून तिने दुसऱ्या दिवसापासून चपाती दिली. एकीच्या घरी पाहुणे आले तेव्हा भाकरी केली म्हणून नवरा रागावला. म्हणजे ज्वारी आपण स्वाभिमानासाठी टाकली नाही, लाजेपायी टाकली. मांस टाकायला बाबासाहेबांनी सांगितले होते. ज्वारी टाकायला कोणी सांगितले? आपल्या घामाने पिकलेल्या धान्याची आपणच लाज धरायची, हे बाबासाहेबांनी शिकवलेले नाही. त्यांनी मागून खाणे सोडायला सांगितले, पिकवून खाणे नाही.

घरी आल्यावर आम्ही काय केले, तेही सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची ज्वारी निघते. मंडळातल्या पंधरा घरांनी पैसे एकत्र केले आणि मंडळातल्याच एकीच्या माहेरच्या भावकीतून कोरडवाहू शाळू ज्वारी सरळ विकत आणली. मधला दलाल नव्हता, म्हणून पिकवणाऱ्याला मोंढ्यापेक्षा दोन पैसे जास्त मिळाले आणि आम्हाला दुकानापेक्षा कमी पडले. घरी ती कडक उन्हात वाळवली आणि कडुनिंबाचा पाला घालून डब्यांत भरली.

१४ एप्रिलच्या जयंतीचे जेवण ठरवताना मात्र अडचण आली. आचारी म्हणाला, चारशे माणसांना भाकरी थापणे जमणार नाही, पुरी तळून देतो. त्याचेही बरोबर होते. भाकरी गरमच खावी, गार झाली की कडक होते. मग आम्ही ज्वारीच्या कण्या, हुलग्याची उसळ आणि अंबाडीची भाजी असा बेत सांगितला. कण्या मोठ्या पातेल्यात भातासारख्या शिजतात. काही तरुण पोरांनी तोंडे वाकडी केली, दोघे-तिघे न जेवता गेले. पण म्हाताऱ्या माणसांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. आणि आचाऱ्यानेच पुढे वैशाखी पौर्णिमेला विचारले, "ताई, कण्या करायच्या ना?"

सगळ्यांना हे जमेल असे आम्ही म्हणत नाही. जानेवारी २०२३ पासून रेशनचे धान्य मोफत मिळते. हातावर पोट असलेल्या घराने ते सोडून ज्वारी विकत घ्यावी, असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण आठवड्यातून दोन दिवस तरी भाकरी करता येते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, पॉलिश केलेल्या तांदळात त्याचा नखभरही नाही. बाळंतिणीला आणि वाढत्या पोराला नाचणीची आंबील द्यायला मोठा खर्च येत नाही. अंगणवाडीत किंवा शाळेच्या पोषण आहारात स्वयंपाक करणाऱ्या आपल्या भगिनी पुष्कळ आहेत. त्यांनी बैठकीत ज्वारीचे, बाजरीचे नाव काढावे. कायद्यात भरडधान्य आहे, तर ते आपल्या रेशन दुकानात का नाही, हे ग्रामसभेत विचारावे. प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे, आणि तो बाबासाहेबांनी दिलेला आहे.

आमच्या मंडळाच्या कपाटात आता एक लिंपलेली टोपली आहे. पस्तापूरच्या त्या आजीने निघताना मूठभर राळा पदरात घातला होता. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. पिकला की दुसऱ्या कोणाला तरी द्या, म्हणाली. २०२४ च्या पावसाळ्यात मावशींच्या पुतण्याने तो बांधाकडेला पेरला. पाखरांनी निम्मा खाल्ला, उरला तो दोन शेर भरला. त्यातला एक शेर आम्ही शिजवला आणि दुसरा टोपलीत ठेवला आहे. ज्या कोणा मंडळाला पेरायचा असेल त्यांनी यावे. परत करताना थोडा जास्त आणावा, एवढीच अट.

जय भीम!