कोठें विचारावें?

परगांवीं रस्ता चुकला म्हणजे मनुष्य पानपट्टीवाल्यापासून पोलिसापर्यंत भेटेल त्याला विचारतो, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. परंतु घरांतील एखाद्या माणसाच्या उणेपणासाठीं साहाय्य हवें असलें, कीं तोच मनुष्य तोंड मिटून बसतो. हा अनुभव आम्ही दुसऱ्याचा ऐकून सांगत नाहीं. तो आमच्याच घरांत चाळीस वर्षें नांदत होता.

आमचा धाकटा भाऊ आज पंचेचाळिशींत आहे. त्याला नोटेची मोड कळत नाहीं. परंतु तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावावयास तो कधीं चुकत नाहीं. पाहुणे आले म्हणजे मातोश्री त्याला आंतल्या खोलींत बसवीत, आणि कोणी विचारलेंच तर ‘त्याची प्रकृति जरा नाजूक आहे’ असें म्हणून विषय बदलीत. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. बहिणीचें लग्न व्हावयाचें होतें, आणि भावाच्या व्यंगावरून सोयरीक फिसकटेल ही भीति अगदींच निराधार नव्हती. पुढें बहीण सासरीं गेली, तिचीं मुलें मोठीं झालीं. पण तें वाक्य मात्र घरांतून गेलें नाहीं. मातोश्रींच्या तोंडचें तें आमच्या तोंडीं केव्हां आलें, हें आम्हांलाहि कळलें नाहीं.

मातोश्री गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यांत, भावाच्या नांवची ठेव पुढें चालू ठेवण्यासाठीं आम्ही त्याला घेऊन बँकेंत गेलों. तेथील गृहस्थांनीं त्याला सही करतांना पाहिलें आणि सौजन्यानें विचारलें, “ह्यांचे पालक कोण?” आम्ही वडील भाऊ आहोंत, एवढें उत्तर पुरेल अशी आमची समजूत होती. ते म्हणाले, “तें खरें, पण तसा कागद हवा.” अठरा वर्षें पूर्ण झालीं कीं कायद्याच्या लेखीं मनुष्य सज्ञान ठरतो, त्यानंतर जन्मदातेसुद्धां आपोआप त्याचे पालक राहत नाहींत, मग भावाची काय कथा! चार पुस्तकें वाचल्याचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हांला एवढी गोष्ट ठाऊक नसावी, ह्याची त्या दिवशीं लाज वाटली.

तो कागद कोठें मिळतो, ह्याविषयीं एकानें न्यायालयाकडे बोट दाखविलें, दुसऱ्यानें तहसील कचेरीकडे. खरें उत्तर मिळालें तें आमच्याच आळींतील एका बाईंकडे. त्यांच्या मुलाला विशेष शाळेच्या गाडीपर्यंत पोंचवितांना आम्ही त्यांना कित्येक वर्षें पाहत होतों. पण नमस्कारापलीकडे बोलणें गेलें नव्हतें. आम्ही अडखळत आमची अडचण सांगितली. बाई म्हणाल्या, “तुमच्या घरीं धाकटे भाऊ आहेत, हें आम्हांला ठाऊक होतें. तुम्ही बोलत नव्हतां, म्हणून आम्हीहि विचारलें नाहीं.” आणि त्यांनीं कपाटांतून कागदांची एक जाड पिशवी काढली.

त्या पिशवींतून जें कळलें, तें कोणा वाचकाच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देतों. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता ह्या अवस्थांतील व्यक्तींसाठीं संसदेनें १९९९ सालीं कायदा करून राष्ट्रीय न्यास स्थापिला. त्या कायद्यान्वयें स्थानिक समित्या असतात: जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून खालचा नसलेला एक अधिकारी, नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधि आणि एक अपंग व्यक्ति. सज्ञान व्यक्तीच्या पालकत्वासाठीं आईबापांनीं किंवा नातलगांनीं ह्या समितीकडे अर्ज करावयाचा. पालकानें हयगय केली, तर त्याला दूर करण्याची तजवीजहि तेथें आहे. ह्याच न्यासाची ‘निरामय’ नांवाची आरोग्यविम्याची योजना आहे. तींत विम्यापूर्वीं वैद्यकीय तपासणीची अट नसून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण मिळतें. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत सात प्रकार गणले होते. २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस केले. बहुतेक सवलतींसाठीं किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि आतां तो वैश्विक ओळखपत्राच्या रूपानें देशभर चालतो. ज्या घरांत सांभाळणाराच खचला असेल, त्यानें १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेली मानस’कडे मन मोकळें करावें, ही सेवा २०२२ पासून विनामूल्य सुरू आहे.

हें सारें वाचतांना एक साल आमच्या मनांत रुतून बसलें. १९९९! त्या वर्षीं आमचा भाऊ नुकताच सज्ञान झाला होता. म्हणजे कायदा जणूं त्याच्याच वयाकडे पाहून दारीं आला, आणि आम्ही तें दार उघडलें नाहीं. कचेऱ्या दूर असतात, कागद किचकट असतात, फेऱ्या माराव्या लागतात, हें सर्व खरें. आम्हीहि पुढें त्या मारल्या. परंतु आमचीं वर्षें कचेऱ्यांनीं घेतलीं नाहींत. ज्या दुःखाला घरांतच नांव नव्हतें, त्याविषयीं बाहेर कोठें आणि काय विचारणार?

यथावकाश पालकत्वाचा कागद हातीं आला. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आंत पालकानें त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करावयाची आणि दर वर्षीं हिशेब द्यावयाचा, असा नियम आहे. आम्ही यादी करावयास बसलों: दोन ठेवी, एक बचत खातें, घरांतील हिस्सा. भाऊ शेजारीं बसून पाहत होता. मध्येंच तो उठला आणि आपला पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यांत बंद पडलेलें मनगटी घड्याळ, रंगीत खडूंचे तुकडे आणि मातोश्रींचा चष्मा होता. “दादा, हेंहि लिही,” तो म्हणाला. समितीला त्याची गरज नव्हती. म्हणून आम्ही वेगळ्या कागदावर तें लिहिलें आणि त्याखालीं त्याची सही घेतली.

आमच्यामागें त्याचें कोण, हा प्रश्न त्या कागदानें सुटला नाहीं. पण तो आतां घरांत मोठ्यानें बोलला जातो. परवां आमच्या मुलीनें सर्व कागदांची एक प्रत आपल्याकडे मागून घेतली. त्या संध्याकाळीं पाहुणे आले होते. भाऊ बाहेरच्या खोलींत बसला होता. पाहुण्यांनीं विचारलें, तेव्हां ‘हा आमचा धाकटा भाऊ’ असें म्हणून आम्ही थांबलों. आणि तिन्हीसांज झाली, तसा तो दिवा लावावयास उठला.