घोडी बसवताना

पंधराशे रुपयांच्या युकुलेलेची घोडी उखडली, तेव्हा ते दुरुस्त करावं की नवं आणावं, यावर आमच्या घरात दोन दिवस खल चालला. आम्ही म्हणजे कोंढव्याच्या तीन खोल्यांतली सहा माणसं. "दुरुस्तीला जाईल तेवढ्यात नवं येईल," असं एका दुकानदाराने सांगितलं. हिशोब बिनचूक होता. पण धाकटीने ते ईदीच्या पैशांतून घेतलेलं. ती टाकू देईना.

युकुलेलेचा पूर्वज मदेरा बेटावरचा. १८७९ साली ऊसमळ्यांवर राबायला निघालेल्या पोर्तुगीज मजुरांबरोबर तो हवाईला पोचला. त्यांच्यातल्याच सुतारांनी तिथे युकुलेले घडवलं. कष्टकऱ्यांचं वाद्य म्हटल्यावर आम्हालाही हुरूप आला.

बोहरी आळीतून लाकडाचा गोंद आणि पॉलिशपेपर आणला. तारा काढल्या, जुना गोंद खरवडून दोन्ही बाजू कोऱ्या लाकडापर्यंत घासल्या. घोडीची जागा मात्र अंदाजाने ठरवून चालत नाही. मानेच्या टोकाच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच तिथून घोडीवरच्या हाडापर्यंत हवं. नाहीतर मोकळी तार सुरात आणि दाबलेली बेसूर. मापून खुणा केल्या, गोंद लावला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. गाण्याबजावण्याबद्दल दादींचं मत कडक. पण पट्टीचं दुसरं टोक त्यांनीच घट्ट धरलं. पुरा एक दिवस हात लावला नाही. नायलॉनच्या तारा पुढे दोन-चार दिवस उतरत राहिल्या, मग स्थिरावल्या.

या निमित्ताने मिरज आठवलं. तिथले शिकलगार हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचा धंदा बसला, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात तंबोऱ्याकडे वळवले. युकुलेलेच्या तारेची झणझण हा दोष. तंबोऱ्याच्या घोडीवर तीच झणझण घासून घासून आणतात, तिला जवारी म्हणतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्यात संगीत विद्यालय चालवलेले अब्दुल करीम खाँसाहेबही वाद्यं स्वतः दुरुस्त करत. एवढ्या मोठ्या गवयाला त्यात कमीपणा वाटला नाही.

आमचे आजोबा भांड्यांना कल्हई करत. लग्नाच्या बोलणीत मात्र त्यांचा उल्लेख "भांड्यांचे व्यापारी" असा होतो. आपल्या कितीतरी घरांत असेच कोणी शिकलगार, पिंजारी, अत्तार दोन पिढ्या मागे उभे आहेत. मुलांनी शिकावं, साहेब व्हावं, यात दुमत नाही. पण आपल्या आजोबांच्या हातात काय होतं, हे त्यांना खऱ्या नावाने सांगायला हवं. धाकटीला आम्ही सांगितलं. तिने लगेच विचारलं, "कल्हई कशी करतात?" उत्तर फक्त दादींना ठाऊक होतं.