धनगरांच्या वाड्यावर

दिवाळी सरली की फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणची वाट धरतात. मागल्या कार्तिकात सासवडजवळच्या एका रानात त्यांचा वाडा उतरला होता. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवली होती.

तीन दगडांच्या चुलीवर आजी भाकरी भाजत होती. हातभरावर कुत्रं बसलेलं. पण जागचं हललं नाही. आमच्या मोत्यानं मात्र भाकरी ओढताना नातवाच्या बोटाला दात लावला होता. पोराला सुया टोचाव्या लागल्या.

"आजी, मारून शिकवलंत का?"

"मारल्यानं भितं, शिकत न्हाई."

पिल्लू असतानाच तुकडा मुठीत धरायचा. झडप घातली की मूठ उघडायची नाही. बूड टेकलं की लगेच द्यायचा. मग पाच, दहा मोजेपर्यंत थांबवायचं. "थांब" हा शब्द घरात सगळ्यांनी एकच ठेवायचा; आणि थांबलेल्याला विसरायचं नाही.

पहिली भाकरी उतरताच आजीनं कोर मोडून कुत्र्याला टाकली. रात्री वाघुरीभोवती लांडग्याची राखण त्याचीच होती.

घरी येऊन मी स्वतःच मोत्याला शिकवलं, पोरांना लांब ठेवून. जुनी खोड, महिना लागला. आता जेवणं होईतो तो उंबऱ्याबाहेर बसतो. त्याची भाकरी आम्ही चुकवत नाही.