१.०२० वर थांबलेली बिअर

बिअरचं आंबवण अर्ध्यावर अडलं तर काय करायचं, असं गेल्या वर्षापर्यंत कुणीही विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं: यीस्टची आणखी एक पुडी टाका. हे मी चार-पाच वर्षं ठामपणे सांगत आले आणि लोकांनी ते ऐकलं. ते चुकीचं होतं. त्याची झळ माझ्या घराला लागली नाही, दुसऱ्याच्या घराला लागली, म्हणून हे लिहिते आहे.

मी लीड्सला राहते. घरी पिण्यापुरती बिअर करायला ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवाना लागत नाही. (महाराष्ट्रात लागतो, त्यामुळे सुट्टीत घरी गेले की हा उद्योग फक्त गप्पांपुरता.) गॅरेजमध्ये २३ लिटरची बादली, एक हायड्रोमीटर आणि माल्टचा वास, एवढा माझा संसार. हायड्रोमीटर घनता दाखवतो. नुसत्या पाण्याची घनता १.०००. माल्टची साखर उतरलेला गोड काढा साधारण १.०५० असतो, आणि यीस्ट साखर खात जातं तसा आकडा १.०१२ च्या आसपास उतरतो. उतरता उतरता तो १.०२० वर थबकला की घरी बिअर करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

माझ्या पोटात पहिल्यांदा आला तो एका फेब्रुवारीत. सहा दिवस झाले, एअरलॉकमधले बुडबुडे थांबले, आकडा १.०२०. मी कोरड्या यीस्टची ११ ग्रॅमची पुडी आणली. पुडीवर गरम जागा हवी असं लिहिलं होतं, म्हणून बादली दोघांनी उचलून स्वयंपाकघरात आणली, पुडी भुरभुरली. चार दिवसांत आकडा १.०१२. मला उपाय सापडला होता! त्या दिवशी बादली गारठ्यातून उबेत आली होती आणि आणताना चांगली हिंदकळलीही होती, हे माझ्या हिशेबात आलंच नाही. पुडी आठवणीत राहिली, बाकीचं विसरलं गेलं.

नंतर ब्रॅडफर्डच्या एका मित्राची बिअर अशीच अडली. पुडी टाकून झाली, आठवडा गेला, आकडा हलेना. त्याचंही गॅरेज गारच होतं, पण ते मी विचारलं नाही. "म्हणजे झालीच ती. भर बाटल्या," मी फोनवर म्हणाले. त्याने नेहमीप्रमाणे बाटल्यांत थोडी साखर घालून झाकणं लावली आणि त्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. मे महिन्यात हवा तापली आणि एका रात्री त्याचा फोन आला: "ताई, कपाटात बाटल्या फुटतायत." यीस्ट मेलं नव्हतं, थंडीने निजलं होतं. उरलेली साखर त्याने बंद बाटलीत खाल्ली. बाटलीत घनता नुसती ०.००४ ने उतरली तरी एरवी असतो तेवढाच वायू वर आणखी तयार होतो, काच तो किती सोसणार? कुणाला लागलं नाही. पण त्याची चार वर्षांची मुलगी दिवसा त्याच कपाटापाशी खेळायची. त्यानंतर बरेच दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही.

मत खरं बदललं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात, माझ्याच स्टाउट बिअरवर. सुरुवात १.०५२, अडली पुन्हा १.०२० वर. सवयीने एक पुडी टाकली, मग दुसरी. बादली उबेत ठेवली, हलवली. आकडा जागचा हलला नाही. घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या मंडळातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "यीस्टला खायला काही उरलंय का, हे पाहिलंस?" मी ते कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलेली चाचणी अगदी साधी आहे. बादलीतली पेलाभर बिअर बाटलीत काढायची, त्यात यीस्ट हात सैल सोडून टाकायचं, तोंड सैल झाकायचं आणि २५ अंशांच्या उबेत ठेवून अधूनमधून हलवायचं. अनेक ब्रिटिश घरांत गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं, तिथे माझी बाटली तीन दिवस राहिली. मोजण्याआधी नमुना ढवळून वायू घालवला, कारण बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात आणि आकडा फसवतो. उत्तर आलं १.०२०. एवढ्या यीस्टलाही त्यात खाण्याजोगं काही सापडलं नव्हतं. अडली नव्हतीच ती, संपली होती.

मग चूक कुठे? भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवतो तेव्हा. ६५ अंशांच्या आसपास पिष्टाची साखर यीस्टला पचेल अशी होते. ७० च्या पुढे ते काम करणारं एन्झाइम लवकर मरतं आणि यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिनं जास्त उरतात. माझा थर्मामीटर मी बर्फाच्या पाण्यात बुडवला, तर काटा शून्याच्या चार अंश खाली. मी ६७ समजत होते ते ७१ होतं. तो दोष यीस्टच्या कितीही पुड्यांनी निघाला नसता.

आता ती फेब्रुवारीची बिअर मला वेगळी दिसते. तिचं यीस्ट यॉर्कशरच्या जातीचं होतं. या जातीच्या पेशी एकमेकींना चिकटून लवकर तळाला बसतात, वर माल्टोट्रायोजसारखी शेवटी खायची साखर तशीच राहते. इथल्या जुन्या बिअरवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. लीड्सजवळच्या टॅडकॅस्टरला सॅम्युअल स्मिथच्या कारखान्यात आजही पाटीच्या दगडाच्या चौकोनी टाक्यांत बिअर आंबते. या 'यॉर्कशर स्क्वेअर' टाक्यांची रीतच अशी की खालची बिअर पंपाने वर घेऊन सोडायची आणि यीस्टला पुन्हा जागं करायचं. शेजारच्या गावात हे चाललेलं असताना मी पुड्या विकत आणत होते. अर्ध्या आंबलेल्या बिअरमध्ये कोरडं यीस्ट टाकणं म्हणजे त्याला अल्कोहोलमध्ये, जवळजवळ प्राणवायूवाचून, उरल्यासुरल्या अन्नावर सोडणं. त्या वेळी काम केलं ते उबेने आणि हिंदकळण्याने, हे मला आज खात्रीने वाटतं.

म्हणजे आकडा तोच, १.०२०. एकीचं यीस्ट निजलेलं, दुसरीचं ताट रिकामं. मी दोघींना एकच औषध देत होते.

मित्राने या महिन्यात पुन्हा बिअर लावली आहे. मंगळवारी त्याने आकडा सांगितला, १.०१९. गॅरेजमध्ये किती अंश आहेत, थर्मामीटर कधी तपासलास, नमुन्यातला वायू काढलास का, एवढं विचारून झाल्यावर मी त्याला बादली घरात घ्यायला आणि झाकण न उघडता हलकेच गोल फिरवायला सांगितलं. पेलाभर बिअर बाटलीत घालून त्याने टाकीच्या कपाटात ठेवली आहे. काल रात्री त्या बाटलीचा आकडा आला, १.०१३. बादलीचा अजून १.०१६ आहे, आणि उतरतो आहे. धुतलेल्या बाटल्या त्याने पुन्हा खोक्यात भरून ठेवल्या.