सही करण्याआधी

इगतपुरीचा पाऊस कोसळू लागला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. हे पाणी दारणा, भावली, मुकणे या धरणांत साठतं. याच डोंगरांतलं अप्पर वैतरणेचं पाणी थेट मुंबईच्या नळाला जातं. तरीही चैत्र-वैशाखात इथल्या वाड्यापाड्यांवरच्या बाया हंडा-कळशी घेऊन दरीत उतरतात. मुंबईच्या पाण्याबरोबर मला मुंबईच्या एका नगरसेविकेची आठवण होते, अवंतिकाबाई गोखले यांची.

1882 साली इंदूरला जन्म, नवव्या वर्षी लग्न. लिहायला-वाचायला शिकवलं ते पतीने, बबनरावांनी. पुढे अवंतिकाबाईंनी परिचारिकेचं शिक्षण घेतलं. 1917 मध्ये गांधीजींनी बोलावलं म्हणून दोघं चंपारणला गेली आणि बढहरवा लखनसेन या खेड्यात शाळा चालवू लागली. तिथे पुस्तकाइतकंच, किंबहुना जास्त, स्वच्छतेचं शिक्षण द्यायचं होतं. 1918 मध्ये अवंतिकाबाईंनी मुंबईत हिंद महिला समाज उभा केला. त्याच वर्षी त्यांनी लिहिलेलं गांधीजींचं मराठी चरित्र लोकमान्यांच्या प्रस्तावनेसह निघालं. आणि 1923 मध्ये मुंबई महापालिकेत पहिल्यांदाच चार स्त्रिया आल्या, त्यांत सरोजिनी नायडूंसोबत अवंतिकाबाईही होत्या.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी रुग्णाची खाट, मग खेड्यातली शाळा, मग बायकांची संघटना, आणि त्यानंतर सभागृह.

गावच्या बाईपर्यंत खुर्ची यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी 1990 मध्ये 30 टक्के जागा राखीव झाल्या, 1993 च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि 2011 मध्ये निम्म्या. खुर्ची मिळाली, पण सही बाईंची आणि कारभार सरपंचपतीचा, हे अजूनही अनेक गावांत चालतं. वर ‘बाईला काय कळतं’ हे आहेच! त्याचा मला संताप येतो. कोणता झरा मार्चमध्ये आटतो, कोणत्या विहिरीची पायरी ढासळली आहे, टँकर कुठल्या वळणापर्यंतच येतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? अवंतिकाबाईंना अक्षरं नवऱ्याने शिकवली, सभागृहात मात्र बसल्या त्या स्वतः.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं आपला कायदा सांगतो. बायांनो, ती सभा हक्काने मागा. पाण्याचा विषय पहिल्या क्रमांकावर लिहून घ्या. आणि प्रोसिडिंग मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.